मुंबईत राहून सजीवांची लक्षणे आणि त्यांची रचना कशी तपासावी

शाळेच्या वहीत सजीवांची लक्षणे दोन ओळींत बसतात: पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, हालचाल, चेतनाक्षमता आणि प्रजनन. माझ्याकडे विज्ञान शिकायला येणारी मुले ही सात नावे न अडखळता सांगतात, परंतु त्यांच्यासमोर पेटती समई ठेवून ‘ही सजीव का नाही?’ असे विचारले की त्यांना उत्तर सुचत नाही. त्यांचा गोंधळ रास्त आहे. समईची ज्योत तेल वापरते, हवेतला ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड आणि काजळी बाहेर टाकते, वात वर सारली की मोठी होते, झुळकेने कलते आणि एका ज्योतीवरून दुसरी सहज लावता येते. सातही लक्षणांचे काही ना काही रूप तिच्यात दिसत असताना ती निर्जीव कशी, याचे उत्तर यादीत सापडत नाही. ते रचनेत सापडते. ज्योतीला पेशी नाही, आतली स्थिती सांभाळून धरण्याची सोय नाही आणि वारसाही नाही. काडीने लावलेली ज्योत आणि शेजारच्या समईवरून लावलेली ज्योत यांत काहीही फरक नसतो, कारण पहिलीने दुसरीला स्वतःविषयीची कोणतीच माहिती दिलेली नसते. मुगाचा दाणा मात्र मुगाचेच रोप देतो.

लक्षणे आणि रचना हे पुस्तकात बहुधा दोन वेगळे धडे असतात. तपासताना ते एकत्र घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. पुढे दिलेली पद्धत मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरातही जमते आणि तिला बाहेरचे साहित्य फारसे लागत नाही. मात्र तिला तीन-चार आठवडे द्यावे लागतात, आणि प्रत्येक निरीक्षणाची तारीख व वेळ वहीत नोंदवावी लागते.

सुरुवात मुगापासून

मूठभर मूग, घट्ट झाकणाच्या चार काचेच्या बरण्या, चार लहान वाट्या आणि पानाच्या टपरीवर मिळणारा चुना एवढे साहित्य घ्यावे. चमचाभर चुना लिटरभर पाण्यात ढवळून रात्रभर स्थिर ठेवावा आणि सकाळी वरचे नितळ पाणी गाळून बाटलीत भरावे. हीच चुन्याची निवळी. चुना डोळ्यांना अपाय करतो, म्हणून हे काम मोठ्यांनी करावे. कार्बन डायऑक्साइडचा संपर्क आला की ही निवळी दुधाळ होते, आणि श्वसन ओळखण्याची याहून स्वस्त कसोटी मला माहीत नाही.

पहिल्या बरणीत मोड आलेले मूग, दुसरीत कोरडे मूग, तिसरीत उकडून थंड केलेले मूग ठेवावेत आणि चौथी रिकामी सोडावी. प्रत्येक बरणीत निवळीची वाटी ठेवून झाकण लावावे. सकाळी मोडांच्या बरणीतली निवळी स्पष्ट दुधाळ झालेली दिसते. रिकाम्या बरणीतही हवेतल्या वायूमुळे पातळशी साय धरू शकते. चौथी बरणी त्यासाठीच असते, कारण तिच्याशी तुलना केल्याशिवाय पहिल्या बरणीतला बदल मुगामुळे झाला असे म्हणता येत नाही.

कोरड्या मुगाची बरणी रिकाम्या बरणीसारखीच दिसते. म्हणून तो मूग निर्जीव ठरवावा का? त्यातलेच दहा दाणे भिजवावेत. दुसऱ्या दिवशी त्यांना मोड येतात. सुप्तावस्थेतल्या बियांचे श्वसन इतके मंद असते की आपली निवळी ते पकडू शकत नाही. एखादे लक्षण दिसले नाही म्हणजे ते नाहीच असे नव्हे, हा धडा वहीत ठळक लिहून ठेवण्याजोगा आहे.

उकडलेल्या मुगाची बरणी पहिल्या रात्री शांत असते. ती टाकून न देता मुंबईच्या दमट हवेत आणखी दोन दिवस तशीच ठेवून निवळी बदलत राहावी. मूग आंबूस वास सोडू लागतो आणि निवळी दुधाळ होते. अनेक मुले येथे प्रयोग बिघडला असे समजून तो खोडून टाकतात, आणि मला त्याचे नेहमी वाईट वाटते, कारण सर्वांत मोलाचे निरीक्षण याच बरणीत असते. मूग मेलेलाच आहे. श्वसन करत आहेत ते त्याच्यावर वाढलेले जीवाणू. यानंतर प्रत्येक नोंदीत ‘श्वसन होते’ एवढेच न लिहिता ‘श्वसन कोणाचे’ हेही लिहावे.

आता वाढ. मोडाचे मूळ साधारण दोन सेंटिमीटरचे झाले की बारीक पेनाने त्यावर दोन-दोन मिलिमीटरवर खुणा कराव्यात आणि दाणा ओल्या कापसावर ठेवावा. चोवीस तासांनी टोकाजवळच्या खुणा एकमेकींपासून दूर गेलेल्या दिसतात, वरच्या खुणा मात्र होत्या तेथेच असतात. मूळ सर्व लांबीभर ताणले जात नाही. टोकामागच्या थोड्याच भागात नव्या पेशी तयार होऊन लांबट होतात. याच्या शेजारी तुरटीचे संपृक्त द्रावण करून त्यात दोरा लोंबता ठेवावा. त्यावरचा खडा दिवसागणिक मोठा होत जातो. भांडुप आणि कांजूरमार्गच्या मिठागरांत मीठ असेच धरत असे. पण खड्यावर बाहेरून थर बसतात, आणि जे द्रावणात होते तेच खड्यात येते. मूग मात्र दलांतला स्टार्च मोडून त्यापासून मूळ, खोड आणि पान घडवतो. अंधारात ठेवलेले मोड लांबीने वाढत असताना त्यांचे सुके (पाणी वाळवून टाकल्यानंतरचे) वजन कमी होत जाते, कारण साठ्याचा काही भाग श्वसनात खर्च होतो. वाढते आहे आणि हलके होते आहे, हे एकाच वेळी खड्याच्या बाबतीत कधीच घडत नाही.

पेशीपर्यंत उतरणे

यापुढे सूक्ष्मदर्शक लागतो. शाळेतला मिळाल्यास उत्तम. नसल्यास कागदाची घडी घालून बनवलेला फोल्डस्कोप पुरतो, जो सुमारे १४० पट मोठे दाखवतो. कांद्याची मांसल पाकळी मोडून तिच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने सोलावा, काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात पसरावा, औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचा पातळ केलेला थेंब त्यावर सोडावा आणि आच्छादन-काच एका कडेने टेकवून हळूहळू आडवी करावी. ती सरळ वरून टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि नवशिका हमखास त्या काळ्या कडांच्या गोलांनाच पेशी समजतो. खऱ्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या मांडलेल्या दिसतात आणि प्रत्येकीत पिवळसर-तपकिरी केंद्रक असते. त्यात हिरवे कण शोधू नयेत: कांदा जमिनीखाली वाढतो, त्याला हरितलवकांचे काम नाही. ते पाहायचे असल्यास बाल्कनीतल्या कुंडीतले, पाठीमागून जांभळे असलेले रिओचे पान घ्यावे. त्याच्या पाठीच्या सालीत पर्णरंध्रे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींतले हरितलवक उत्तम दिसतात.

रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले त्यांना ‘सेल’ म्हटले; ते मृत पेशींच्या भित्तिका होत्या. वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे श्लायडेन याने १८३८ मध्ये, प्राण्यांबाबत तेच श्वान याने १८३९ मध्ये आणि पेशी पेशीपासूनच निर्माण होते हे फिरशो याने १८५५ मध्ये मांडले. म्हणजे पहिल्या दर्शनापासून सिद्धांतापर्यंत दीडशेहून अधिक वर्षे गेली. म्हणून पहिल्या दिवशी पापुद्र्यात काही उमगले नाही, तर मुलावर रागावू नये.

आता या संपूर्ण पद्धतीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग. मोड आलेले मूग दोन सारख्या वाटण्यांत मोजून घ्यावेत. एक वाटणी ओल्या कापसावर ठेवावी, दुसरी मिक्सरमधून अगदी बारीक वाटून तशाच कापसावर पसरावी. दोन्हीकडे पाणी तेच, प्रथिने तीच, स्टार्च तोच, वजनही तेच. एकीकडे पाने फुटतात. दुसरीकडे काहीही उगवत नाही, बुरशी धरते. वाटलेल्या मुगाचा थेंब आयोडीनसह पाहिला की फुटलेल्या भित्तिकांचे तुकडे आणि निळेकाळे पडलेले स्टार्चचे कण विखुरलेले दिसतात. गेली ती द्रव्ये नव्हेत, गेली ती मांडणी.

यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, की तुकडे केल्यावर जगणारे काहीच नाही का. आहे. एच. व्ही. विल्सन या प्राणिशास्त्रज्ञाने १९०७ साली जिवंत स्पंज बारीक कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या झाल्या, पाण्यात तळाशी बसल्या, सरकत सरकत एकमेकींना चिकटल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज तयार झाला. मिक्सरने पेशी फोडल्या, कापडाने त्या अखंड ठेवल्या. सगळा फरक एवढाच आहे. जीवनाची सर्वांत खालची पायरी पेशी आहे, हे वाक्य यानंतर पाठ करावे लागत नाही.

एकच पेशी पूर्ण सजीव असू शकते, हे मुंबईला फार कठोरपणे कळले आहे. १८९६ साली शहरात पसरलेल्या प्लेगचा जीवाणू एकपेशीय आहे: एकाच पेशीत पोषण, श्वसन आणि विभाजन. जीवाणूशास्त्रज्ञ हाफकिन यांनी १८९७ साली याच शहरात तयार केलेल्या लशीत तेच जीवाणू उष्णतेने मारलेले होते. माणसाच्या शरीराला त्यांची ओळख पटण्याइतकी द्रव्ये शिल्लक, पण विभाजन बंद. उकडलेल्या मुगाशी हे ताडून पाहावे. विषाणू त्याहूनही वेगळा. वेंडेल स्टॅन्ले याने १९३५ साली तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक मिळवले, आणि मिठाप्रमाणे स्फटिकरूपात ठेवता येणारी ती वस्तू पानात शिरताच वाढू लागे. विषाणूला स्वतःची पेशी नाही आणि चयापचयही नाही, म्हणून त्याला वहीत सीमारेषेवरच ठेवावे.

ऊती आणि अवयव

हा भाग थोडक्यात उरकतो. गौरी-गणपतीच्या सुमारास दादरच्या बाजारात तेरडा मिळतो. मुळासकट रोप घेऊन ते लाल शाई घातलेल्या पाण्यात दोन-तीन तास उभे करावे. त्याच्या अर्धपारदर्शक खोडात शाई ठरावीक रेषांतूनच चढताना दिसते आणि आडवा काप घेतला की त्या रेषा लाल ठिपक्यांच्या रूपात उमटतात. सारखे काम करणाऱ्या पेशींचा असा समूह म्हणजे ऊती. ही पाणी वाहून नेणारी जलवाहिनी ऊती आहे.

अवयवांसाठी, घरात मासे खाल्ले जात असतील तर, बाजारातल्या कोळीण मावशींना सांगून साफ न केलेला बांगडा आणावा. कल्ल्यांवरचे झाकण उचलले की लाल कल्ले, त्यांच्या आतल्या बाजूला पाण्यात तरंगणारे बारीक जीव (प्लवक) गाळून धरणारे केसरासारखे काटे, कल्ल्यांच्या मागे खालच्या बाजूस छोटे हृदय, त्यामागे यकृत, जठर आणि आतडे ओळखता येतात. तोंड, जठर, आतडे आणि यकृत मिळून पचनसंस्था होते. जो प्राणी तसाही स्वयंपाकघरात येणार आहे त्यावरच हा अभ्यास करावा. यासाठी वेगळा जीव मारू नये.

ओहोटीच्या खडकावर

रचनेच्या एकाच पायरीवर सगळे सजीव उभे नसतात, आणि हे पाहण्यासाठी मुंबईकरांइतके सोयीचे ठिकाण थोड्यांना लाभले आहे. वांद्र्याच्या बँडस्टँडपासून कार्टर रोडपर्यंतचा किंवा हाजी अलीजवळचा काळा बेसाल्टचा खडक ओहोटीला उघडा पडतो. ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडावा. पावसाळ्यात तेथे पाऊलही टाकू नये. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उधाणाची भरती-ओहोटी असते आणि पाणी सर्वांत खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने खडक फारसा उघडत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते: द्वितीयेला दुपारी दीडच्या आसपास भरती, म्हणून सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. हा हिशेब केवळ आराखड्यासाठी आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे छापील वेळापत्रक पाहावेच. ओहोटीच्या तासभर आधी उतरावे आणि पाणी चढू लागताच वर यावे. एकट्याने जाऊ नये, पकड असलेले बूट घालावेत आणि सांडपाणी मिसळलेले असल्याने परतल्यावर हात साबणाने धुवावेत. उचललेला दगड होता तसाच, हळुवार परत ठेवावा: त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात काही मिनिटांत सुकतात. काहीही तोडू नये, घरी नेऊ नये. प्रवाळ दिसल्यास दुरूनच पाहावे. ते वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

दगडाच्या सावलीतल्या बाजूला रंगाचा खरबरीत लेप दिल्यासारखा स्पंज आढळतो. त्याला तोंड नाही, जठर नाही, चेतातंतू नाहीत. त्याच्या पेशींनी कामे वाटून घेतली आहेत, पण खऱ्या ऊती बनलेल्या नाहीत. संघटनाची ही पेशीस्तर पायरी. जवळच्या डबक्यात समुद्रफूल नावाचा प्राणी किंवा त्याच्या गोतातल्या, चटईसारख्या पसरलेल्या झोअँथिडच्या वसाहती असतात. बोटाची सावलीही न पाडता समुद्रफुलाजवळ पाण्याचा थेंब टाकून पाहावा: ते आपली शुंडके मिटून घेते. त्याला मेंदू नाही, परंतु चेतापेशींचे जाळे आहे आणि पेशींचे दोन थर ऊतींसारखे काम करतात; ही ऊतीस्तर पायरी. दगडाखाली पानासारखा चपटा कृमी सरपटताना दिसला तर नशीब समजावे, कारण त्याच्या टोकाकडे डोळ्यांचे ठिपके आणि अंगात निश्चित अवयव असतात. आणि खेकडा तर आपली वाट पाहत नाहीच: त्याच्याकडे कल्ले, हृदय, चेतासंस्था, पचनसंस्था सर्व आहे. स्पंजापासून खेकड्यापर्यंत रचनेच्या चार पायऱ्या दहा पावलांच्या अंतरात मिळतात. यांतला कोणीही ‘अर्धवट’ नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. स्पंज आपल्या रचनेत पोषण, श्वसन, उत्सर्जन, प्रजनन सर्व पार पाडतो आणि तेही पाण्याच्या एकाच प्रवाहावर.

खडकावर पांढरट, टोकदार, पायाला खरचटणारे लहान शंकू दिसतात ते बार्नेकल. ते शिंपल्यांचे नातलग वाटतात, पण असतात कोळंबी-खेकड्यांच्या गोतातले. कोरड्या खडकावर ते दगडाइतकेच निश्चल असतात, आणि हालचालीवरून सजीव ठरवणारा येथे फसतो. डबक्यात बुडालेल्या बार्नेकलसमोर पाच मिनिटे न हलता बसावे. वरची झडप उघडते आणि पिसासारखे पाय पाणी विंचरू लागतात. उघड्यावर झडप मिटणे हा पाणी राखण्याचा उपाय आहे: आतली स्थिती सांभाळून धरण्याच्या या गुणाला समस्थिती म्हणतात, आणि ज्योतीजवळ नव्हती ती हीच.

आता नजर एका जीवावरून उचलून खडकभर फिरवावी. एका जातीचे सारे बार्नेकल मिळून एक जीवसंख्या होते. त्यांच्यासह कालवे, कवचाला भोक पाडून त्यांना खाणाऱ्या समुद्री गोगलगाई, शेवाळ आणि खेकडे मिळून समुदाय होतो; त्यात खडक, खारे पाणी, ऊन आणि भरतीचा फेरा मिळवला की परिसंस्था. अशा किनाऱ्यांवर जीवांचे आडवे पट्टे पडतात. जोसेफ कॉनेल याने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नेकलच्या दोन जातींवर प्रयोग करून १९६१ साली दाखवले, की वरच्या जातीला खालच्या पट्ट्यात दुसरी जाती जागाच उरू देत नाही, आणि ती दुसरी जाती वरच्या पट्ट्यातला सुकेपणा सोसू शकत नाही. पट्ट्यांची ही उंची कोणत्याही एका बार्नेकलच्या अंगात शोधून सापडणार नाही. ती समुदायाच्या पायरीवरच दिसते.

खडकावर जाणे शक्य नसेल त्यांनी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या बाजूचे कांदळवन पाहावे. तिवराच्या पानाची पाठ भिंगातून पाहिली की मिठाचे कण चमकताना दिसतात: पान ग्रंथींवाटे जादा मीठ बाहेर टाकते, आणि वनस्पतींतले उत्सर्जन इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळे श्वसनासाठी आहेत. त्यांच्यामधून उड्या मारणारी निवटी हा मासा कल्ल्यांत पाणी धरून ठेवतो आणि ओल्या त्वचेतूनही ऑक्सिजन घेतो, म्हणून त्याला चिखलात वावरता येते.

शेवटचे काम किनाऱ्यावरचेच. सुतळीची पंचवीस सेंटिमीटर बाजूची चौकट करून ती बार्नेकलच्या पट्ट्यातल्या ओळखता येईल अशा खडकावर ठेवावी, झडप मिटलेले जिवंत बार्नेकल आणि झडप जाऊन वर तोंड उघडे राहिलेली रिकामी कवचे वेगवेगळी मोजावीत, आणि चौकटीचे छायाचित्र घ्यावे. पुढच्या अमावास्येनंतर त्याच खडकावर, त्याच जागी चौकट ठेवून पुन्हा मोजावे. किती नवे बसले, किती रिकामे झाले आणि रिकाम्यांपैकी किती कवचांना गोगलगाईने पाडलेले गोल भोक आहे, हे तीन आकडे तारखेसह वहीत लिहावेत.